जोड गरम लागतो

सरोजिनी नगर, लखनौ
१२ फेब्रुवारी २०२५

देविका,

काल दुपारी तुझा मेसेज आला. चार वर्षांनी. ‘सोलर लावून परवडतं का? नाशिकच्या घरावर लावायचा विचार आहे. माहिती असेल तर कळवा.’ मी तो पाच-सहा वेळा वाचला आणि मग कागद घेतला. मोबाईलवर मला दोन ओळींच्या पुढे जाता येत नाही, आणि फोन तू उचलत नाहीस.

परवडतं. डोळे मिटून लाव. मी गेल्या वर्षी गच्चीवर तीन किलोवॅटचं बसवलं, सहा पॅनेलं. आपल्या घराचं उन्हाळ्यातलं बिल तुला आठवत असेल. दोन कूलर आणि तुझ्या आईच्या खोलीतला एसी, आकडा बघून मी वरणभातावर दही घ्यायचं सोडायचो अशी तुम्ही दोघी थट्टा करायचात. आता बिल येतं ते फक्त मीटरच्या भाड्यापुरतं. सरकारी अनुदान मिळतं, उरलेला खर्च पाच-सहा वर्षांत वसूल होतो. डिसेंबर-जानेवारीत इथे कोहरा, म्हणजे दाट धुकं असतं तेव्हा उत्पादन निम्म्याच्या खाली जातं, पण तुमच्या नाशिकला ती अडचण नाही. दर रविवारी पॅनेलं ओल्या फडक्यानं पुसायची. आमच्याकडे कानपूर रोडची धूळ आणि विमानतळाची, दोन्ही येऊन बसतात.

हे काम विपुल श्रीवास्तव नावाच्या तरुणानं केलं. त्याची इथे छोटी एजन्सी आहे. आमच्या गल्लीत माझं बघून अकरा घरांनी त्याच्याकडूनच बसवलं. पहिले अर्थात शेजारचे माणिकराव. त्यांनी विपुलला एकही प्रश्न विचारला नाही. एअर फोर्समध्ये होते ना, त्यांना हुकूम लागतो. म्हणाले, ‘सदाशिवराव, तुम्ही रेल्वेत चौतीस वर्षं विजेचं काम केलंत. तुम्ही हो म्हणता ना? मग झालं.’

तुला एक कामाचं सांगतो. तिथला ठेकेदार तुला सगळे जोड एकाच कंपनीचे घ्यायला लावील. पॅनेलांच्या वायरी एकमेकींत अडकवायला प्लास्टिकचे काळे जोड असतात, नर आणि मादी. विपुल म्हणतो, एकाच कंपनीचे हवेत ही निव्वळ विक्रीची युक्ती आहे. मीही पाहिलं, वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत घट्ट बसतात, टक असा आवाजही येतो. तिथे पैसे घालवू नकोस. हे पत्र समीररावांना दाखव.

तुझ्या आईच्या वेळी जे झालं ते आता आपण धरून बसू नये असं मला वाटतं. सत्तर वर्षांचा झालो. तू काहीतरी विचारलंस, फार बरं वाटलं.

बाबा

*

सरोजिनी नगर
२३ मार्च २०२५

देविका,

उत्तराची वाट पाहिली. पत्र पोचल्याचं पोस्टाच्या नोंदीत दिसतंय, तेव्हा मिळालं असणार. कामात असशील.

इथे होळी झाली. माणिकरावांचा विश्वजित गोमती नगरहून बायको आणि अनन्याला घेऊन आला होता. अनन्या आता नऊ वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. मी विचारलं, ‘शाळा कशी आहे?’ तर म्हणे, ‘ठीक है आजोबा, मॅथ्स बहुत देते हैं.’ माणिकरावांकडे सरलावहिनींनी पुरणपोळ्या केल्या होत्या. तुझी आई गेल्यापासून सणाचं ताट मला त्यांच्याकडूनच येतं. मी जेवायला त्यांच्याचकडे असतो म्हटलं तरी चालेल.

होळीनंतर माणिकराव म्हणाले, यंदा युनिट कमी येतायत, तुम्ही जरा बघा. मी गच्ची ओलांडून गेलो. आपल्या आणि त्यांच्या गच्चीमध्ये कमरेएवढा कठडा आहे, तुला माहीतच आहे. पॅनेलं स्वच्छ होती. पॅनेलांकडून येणारी वायर त्यांच्या जिन्याच्या खोलीत शिरते. तिथे दाराच्या आतल्या बाजूला लाकडी फळीवर स्विचचा डबा आहे आणि डब्याच्या वर दोन जोड. मी हात लावला. जोड गरम लागतो. काही विशेष नाही, दुपारची वेळ होती. पण शेजारची वायर गरम नव्हती.

विपुलला फोन केला. तो म्हणाला, ‘अंकलजी, गर्मी में तो सब गरम होता है.’ हेही खरं.

माणिकरावांना मी सांगितलं की धूळ होती, पुसली. उगाच घाबरवण्यात अर्थ नाही. पाडव्यानंतर सवडीनं बघीन.

तू लावलंस का सोलर?

बाबा

*

सरोजिनी नगर
२७ एप्रिल २०२५

देविका,

हे पत्र नीट वाच.

बेचाळीसच्या पुढे पारा आहे. दहा वाजल्यापासून लू, ते भाजणारं वारं सुरू होतं. या उन्हात आपल्या स्वतःच्या गच्चीवरचे जोड तपासले. त्यातला एक इतका गरम होता की बोट ठेवता आलं नाही. संध्याकाळी ऊन गेल्यावर डबा बंद करून तो काढला. आतलं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळायला लागलं होतं. नर एका कंपनीचा, मादी दुसऱ्या कंपनीची. बाहेरून घट्ट बसतात, पण आतल्या पत्र्याचं माप केसाएवढं निराळं असतं. तेवढ्या फटीत वीज तडतडत राहते आणि जोड तापत जातो. ही गोष्ट मला कळायला हवी होती. रेल्वेच्या तारांवर असे सैल जोड शोधण्यातच माझी उमेद गेली.

सोळा एप्रिलला मी आपल्या घरचे सगळे जोड एकाच कंपनीचे आणून बदलले. आता ते थंड असतात.

तुला मी उलट लिहिलं होतं. तू लावलं नसशील तर थांब. लावलं असशील तर जोड बघून घे, पण उन्हात ओढून काढू नकोस. आधी डब्यातला स्विच बंद करायचा, पॅनेलांवर जाड कापड टाकायचं, मग. ऊन असेतो पॅनेल वीज बनवतच राहतं. घरातला मेन स्विच पाडला तरी त्याला कळत नाही.

माणिकरावांना अजून बोललो नाही. विपुलकडे गेलो होतो, त्याच्या दुकानात. म्हटलं, अकराही घरांचे बदलून दे. त्यानं मला आधी ताक पाजलं. मग दार लोटून घेतलं आणि म्हणाला, ‘अंकलजी, भरोसा तो सबको आप ही ने दिलाया है.’ तुला आता सांगतोच. गल्लीतली घरं मी मिळवून देईन या बोलीवर माझी सहा पॅनेलं त्यानं निम्म्या किमतीत बसवली होती. हे माणिकरावांना ठाऊक नाही, कोणालाच नाही. विपुल त्याबद्दल आवाज चढवून काही बोलला नाही. नुसता हसला आणि म्हणाला, पावसाळ्याच्या आधी बघून घेऊ.

मी परत आलो. त्या दिवशी सरलावहिनी गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घालत होत्या. म्हणाल्या, ‘भावजी, जिन्यात कसला वास येतोय बघा ना. उंदीर मेलाय की काय.’ मी वास घेतला. मासळीसारखा, जळक्या प्लास्टिकचा. मी म्हणालो, ‘उन्हानं वायरीचा वास येतो कधीकधी.’

त्या डब्याच्या खाली त्यांनी हिवाळ्यातल्या रजया रचून ठेवल्या आहेत. मी त्या हलवायला सांगितल्या. ‘हलवते’ म्हणाल्या.

येत्या आठवड्यात माणिकरावांशी बोलतो. अनन्याचं काहीतरी बक्षीस आहे शाळेत, त्या आनंदात आहेत दोघं. ते झालं की.

बाबा

*

सरोजिनी नगर
१९ मे २०२५

देविका,

माणिकराव गेले.

नऊ तारखेला, शुक्रवारी, दुपारी दीडच्या सुमाराला मी जेवून आडवा झालो होतो. गच्चीवरून कोणीतरी ओरडलं. आधी वाटलं माकडं आली असतील. मग सरलावहिनींचा आवाज ओळखला. वर गेलो तर त्यांच्या जिन्याच्या खोलीतून काळा धूर येत होता, आणि त्या पापड्यांचं प्लास्टिक पोटाशी धरून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या होत्या. खाली उतरायला तो एकच जिना.

रजया पेटल्या होत्या.

मी कठड्यावर पालथा पडून हात दिला. त्या घाबरून पुढेच येईनात. शेवटी मीच पलीकडे उतरलो आणि त्यांना कठड्यावर बसवून आपल्या बाजूला ढकललं. मी विचारलं, ‘माणिकराव कुठे आहेत?’ त्या म्हणाल्या, ‘खाली. जेवतायत. खाली आहेत.’ दोनदा तेच म्हणाल्या.

खालून लोकांनी मेन स्विच पाडला होता आणि बादल्या आणत होते. मला माहीत होतं की वरचं ऊन चालू आहे तोवर त्या डब्यात वीज येतच राहणार आणि आग विझली तरी पुन्हा पेटणार. म्हणून मी पॅनेलं झाकायला लागलो. आपल्या घरातली सतरंजी, गाद्यांचे पलंगपोस, सरलावहिनी कठड्यावरून देत होत्या आणि मी पसरत होतो. लूनं सगळं उडत होतं. त्यांची सहाही पॅनेलं झाकायला दहा मिनिटं गेली असतील. अग्निशमनवाले आले, तेव्हा धूर पांढरा व्हायला लागला होता.

माणिकराव त्यांना जिन्यात सापडले. वरून नवव्या पायरीवर. बायको वर अडकली म्हणून ते ताटावरून उठून धावले होते. मी गच्चीवर त्यांच्यापासून पंधरा फुटांवर पलंगपोस पसरत होतो आणि मला त्यांचा पत्ता नव्हता. भाजलं फारसं नव्हतं. धूर छातीत गेला. बारा तारखेला पहाटे हॉस्पिटलमध्ये संपलं. विश्वजितनं अग्नी दिला.

गल्लीत सगळे म्हणतायत की माकडांनी वायर कुरतडली. विपुल दुसऱ्याच दिवशी आला होता, सरलावहिनींच्या पाया पडला, रडला, आणि तोही माकडंच म्हणाला. मी तिथेच उभा होतो. विश्वजितनं माझ्याकडे बघून विचारलं, ‘काका, माकडांनीच असेल ना?’

मी म्हणालो, ‘असू शकतं.’

देविका, तू चार वर्षांपूर्वी आपल्या दारात उभी राहून मला म्हणाली होतीस, ‘बाबा, तुम्हाला सगळं दिसतं आणि तुम्ही गप्प बसता.’ तुझ्या आईचा रिपोर्ट मी सात आठवडे कपाटात ठेवला. तिला सांगितलं नाही, तुला कळवलं नाही. तुझी परीक्षा, तुझ्या सासरचं लग्नकार्य, मग दिवाळी, प्रत्येक वेळी हे झालं की सांगू असं म्हणत गेलो. तू आलीस तेव्हा ती बोलत नव्हती. मला तेव्हा वाटलं होतं, तू दुःखात बोलतेयस.

शनिवारी तेरावा आहे. सरलावहिनींनी विचारलं आहे की माणिकरावांबद्दल चार शब्द मी बोलीन का.

बाबा

*

सरोजिनी नगर
४ जून २०२५

देविका,

तेराव्याला मी चार शब्द बोललो. चांगला माणूस, शिस्तीचा, वगैरे. लोकांनी माना हलवल्या.

त्यानंतर पाच दिवस मला अन्न गेलं नाही. तीस मेला सकाळी मी सरलावहिनींकडे गेलो. त्या एकट्या होत्या, माणिकरावांचे गणवेशाचे कपडे बाहेर काढून घड्या घालत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. मार्चमध्ये हात लावला होता ते, विपुलचं दार लोटणं, निम्मी किंमत, जळका वास. त्या घडी घालत राहिल्या. मला वाटलं, ऐकतच नाहीयेत.

मग त्यांनी विचारलं, ‘तुमच्या घरचे कधी बदललेत?’

‘सोळा एप्रिलला.’

त्यांनी बोटांवर मोजलं. म्हणाल्या, ‘तेवीस दिवस. या तेवीस दिवसांत तुम्ही आमच्याकडे किती वेळा जेवलात, भावजी?’

 आकडा मला ठाऊक होता.

त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. शर्ट ट्रंकेत ठेवला आणि म्हणाल्या, ‘इथे बसू नका. अजून दहा घरं आहेत ना? त्यांना जाऊन सांगा. आत्ता जा.’

मी गेलो. दहाही दारं वाजवली. काहींनी आत घेतलं, एकानं दारातूनच शिव्या दिल्या, ते बरोबरच होतं. प्रत्येक गच्चीवर चढून स्विच पाडला आणि पॅनेलं झाकली. संध्याकाळी ऊन उतरल्यावर जोड उघडले. सहा घरांत तेच तपकिरी प्लास्टिक निघालं. एका घरात जोडाच्या खाली बाळाची दुपटी वाळत होती.

तू परवडतं का म्हणून विचारलं होतंस. मी तुला बिलाचा हिशेब लिहिला, तो आजही बरोबर आहे. नीट बसवलं तर परवडतं. माणिकरावांच्या गच्चीवर चांगले जोड बसवायला जो जास्तीचा खर्च आला असता, त्यात आम्हा दोघांचा चौकातला एक दिवसाचा नाश्ताही धड झाला नसता. मी त्यांना तेवढं सांगायला हवं होतं.

मी वीज सुरक्षेच्या कार्यालयात अर्ज दिला आहे. चौकशी लागली आहे. विपुलनं लिहून दिलंय की सदाशिव अंकलनी मला कधीच काही सांगितलं नाही, आग लागल्यावर ते भ्रमिष्ट झालेत. त्याच्याशी मी सगळं तोंडीच बोललो होतो. माझ्याकडे कागद नाही.

कागद आहे तो तुझ्याकडे. मार्चचं आणि एप्रिलचं पत्र. त्यांत तारखा आहेत, माझं अक्षर आहे, पाकिटावर पोस्टाचा शिक्का आहे. ती पुढे आली तर विपुलबरोबर मीही अडकेन, हे मला समजतं. तरी पाठव. मोबाईलवरही तसा निरोप टाकतो आहे.

बाबा

*

गाडीत, भोपाळच्या पुढे
३० जून २०२५, सकाळी

देविका,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. बरोबर घेऊन येतोय.

तू पाठवलेलं पार्सल परवा शनिवारी मिळालं आणि मी ते न उघडता तसंच कार्यालयात नेलं, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. चौकशीच्या अधिकारी चेतना मॅडम म्हणून आहेत. सरलावहिनी होत्या, विश्वजित होता, विपुल आपल्या वकिलाबरोबर होता. मॅडमनी टेबलावर पार्सल फोडलं. आत माझी पाच पाकिटं होती. पहिलं उघडलेलं. बाकीची चार बंद, जशी मी चिकटवली होती तशी.

विपुलचा वकील म्हणाला, हे तर आणखी संशयास्पद आहे. मॅडम म्हणाल्या, उलट बरं झालं, शिक्क्यानंतर कोणी हात लावलेला नाही. त्यांनी मार्चचं पाकीट कात्रीनं कापलं. लिपी हिंदीचीच, म्हणून त्या अडखळत वाचायला लागल्या, ‘जोड गरम लागतो. काही विशेष नाही.’ मग कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, ‘आप ही पढ़िए. पहले जैसा लिखा है, फिर हिंदी में.’

मी वाचलं. एक ओळ मराठीत, मग तीच हिंदीत. ‘माणिकरावांना मी सांगितलं की धूळ होती, पुसली.’ ‘मैंने माणिकराव से कहा कि धूल थी, पोंछ दी.’ मॅडम लिहून घेत होत्या. सरलावहिनींना प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकावी लागली. एप्रिलच्या पत्रात रजयांचं आलं, तेव्हा विश्वजित उठून बाहेर गेला. विपुलनं एकदाही वर पाहिलं नाही. शेवटी मॅडमनी विचारलं की आपलं म्हणणं बदलायचंय का. त्याचा वकील काही बोलायच्या आत विपुल म्हणाला, ‘हाँ. अंकलजी आए थे दुकान पर.’

पुढे खटला होईल. त्यात माझंही नाव असेल, मॅडमनी तसं स्पष्ट सांगितलं. मी सही केली.

सगळं आटपून पाकिटं परत लिफाफ्यात घालताना त्यांना तुझी चिठ्ठी सापडली. ती खासगी आहे म्हणून त्यांनी मला दिली. मी ती कार्यालयाच्या पायऱ्यांवर उभा राहून वाचली.

‘पहिलंच वाचलं होतं. त्यात आईबद्दल जे लिहिलंत, त्यानंतर पुढची उघडवली नाहीत. त्या पत्रावरून मार्चमध्ये सोलर लावून घेतलं. जोडांचं तुम्ही सांगितलंत तसंच केलं.’

एप्रिलमध्ये तुला सावध करून झालं, या समजुतीत मी दोन महिने निश्चिंत होतो. ते पत्र आत टेबलावर होतं आणि ते तासाभरापूर्वी पहिल्यांदा उघडलं गेलं होतं.

तिथूनच तुला फोन करायला लागलो. काल रात्रीपर्यंत अठ्ठावीस वेळा केला. मेसेज टाकले, पण तू ते पाहिल्याची खूण येत नाही. समीररावांचा नंबर माझ्याकडे नाही. जावयाचा नंबर नसलेला मी बाप आहे. नाशिकमध्ये तुमच्या घराचा पत्ता सोडून मला काहीच माहीत नाही. काल मिळेल त्या डब्यात चढलो. सरलावहिनींना सांगून निघालो. त्या दिवसानंतर त्या माझ्याशी बोलत नाहीत, तरी दाराशी आल्या आणि म्हणाल्या, ‘पोचलात की कळवा.’

झाशीपर्यंत बसायला जागा नव्हती. आता खिडकी मिळाली आहे. सकाळपासून मी आकाश बघतोय. भोपाळला दाट ढग होते, तेव्हा जरा बरं वाटलं. ढग असले की पॅनेलं वीज कमी बनवतात. नाशिकला काय आहे, कोणास ठाऊक. मोबाईलवर हवामान दाखवतं, तिथे सूर्याचं चित्र आहे. तुमच्या गच्चीवर जोड कुठे आहेत, त्याच्याखाली काय ठेवलंय, तुम्ही दोघं दिवसा घरी असता की दार लावून कामाला जाता, मला यातलं काही माहीत नाही.

तू हे हातात घेशील तेव्हा मी समोर असेन. तरी लिहून ठेवतो, म्हणजे बोलताना मला यातलं काही गाळता येणार नाही. आईचा रिपोर्ट मला नऊ ऑगस्टला मिळाला होता. मी तुला सप्टेंबरच्या शेवटी मिळाला असं सांगितलं. कपाटात होता तो सात नव्हे, चौदा आठवडे. डॉक्टर म्हणाले होते, मुलीला बोलावून घ्या. मी तुला बोलावलं नाही, कारण तू आली असतीस तर तिला कळलं असतं, आणि तिच्या तोंडाकडे बघायची मला भीती वाटत होती. तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. त्याला मी चार वर्षं

इटारसी गेलं. खंडव्याच्या अलीकडे कुठेतरी आहोत. बाहेर लख्ख ऊन पडलंय. मधली ओळ अर्धी राहिली, ती भेटल्यावर पुरी करीन. तुझा मेसेज आत्ता आला.

‘फोन दुरुस्तीला दिला होता, आज मिळाला. सगळे मेसेज पाहिले. समीर वर गेला. जोड धरवत नव्हता, एक बाजू तपकिरी झालीय. डब्यातला स्विच बंद केला, वर चादरी टाकल्या. कशाला हात लावलेला नाही. तुम्ही किती वाजता पोचता?’

मी तो समोरच्या बाकावरच्या बाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचला असणार. त्या सकाळपासून मला फोनशी झटताना पाहत होत्या. त्यांनी विचारलं, ‘भाई साहब, सब ठीक है?’

मी म्हणालो, ‘बेटी ने पूछा है, कितने बजे पहुँचूँगा.’

पाच चाळीस. तुला तसं कळवलंय.

बाबा